पांढरी पाच

कालपासून एक गोष्ट मनात डाचतेय, आणि ती इतकी बारीक आहे की कुणाला सांगायला गेले तर हसतील. अण्णांनी, म्हणजे माझ्या गाण्याच्या गुरूंनी, माझा स्वर उतरवला. मला न विचारता.

मंडळाच्या कार्यक्रमात आधी माझं गाणं, मग मुलींबरोबर तराण्यावर कथक. मी फुटबॉलच्या सरावावरून थेट पोचले, केस ओलेच. तंबोरा लावून ठेवलेला. तिथंच शंका यायला हवी होती, कारण खुंट्या आपल्या आपण पिळायच्या हा दंडक अण्णांचाच. बसले, मधल्या बोटानं पंचमाची तार छेडली. त्या बोटाच्या टोकावर चेंडू बसल्यापासून ते टेपमध्येच आहे, त्यामुळे ती तार भद्द वाजली. पण पुढच्या तिघींनी चहाडी केली. पेटीवरची माझी नेहमीची पट्टी, काळी चार, नाही; तिच्याखालची पांढरी पाच.

अर्धा स्वर फक्त. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना कळलं असेल? आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात बऱ्याच जणांना, तीच तर पंचाईत. २०२३ पासून ग्वाल्हेर युनेस्कोचं संगीतनगर आहे. त्याच्या आधीपासून इथं बाड्याच्या चौकात चहा पिणारेसुद्धा कोण कुठल्या पट्टीत गातं यावर मत देतात. पेनल्टी कुणी अडवली हे मात्र कुणाला ठाऊक नसतं.

अण्णा पेटीचा भाता सारखा करत खाली बघत होते. त्यांचं एक वेळ ठीक. मला लागलंय ते तबल्याचं. पेटीवर पट्टी बदलायची तर बोटं सरकवली की झालं. तबला उतरवायचा म्हणजे हातोडीनं गठ्ठे ठोकत, कान लावत बसावं लागतं, आणि मी आले तेव्हा तो सुरात लागून झाकून ठेवलेला होता. म्हणजे आधी बोलणं झालं होतं. माझ्या गळ्यावर बैठक बसली, ठराव पास झाला, आणि गळ्याच्या मालकिणीला कळवायची गरज कुणाला वाटली नाही.

गायले. राग हमीर. त्यातली धैवतावरची झेप मला नेहमी आवडते, आणि हल्ली तीच नकोशी वाटते. काल ती सहज लागली. तार षड्जही फाटला नाही. हेच जास्त झोंबलं. फाटला असता तर निदान अण्णांवर नीट रागावता आलं असतं.

आमचं गाण्याचं घराणं खुल्या आवाजाचं. मोकळा आकार, पोटातून, गळा दाबून गोड करायचं नाही. मैदानातही मी तेच करते. मी गोलकीपर, आणि कीपरचं निम्मं काम तोंडानं असतं. कोच दर दोन मिनिटांनी ‘बोलती रह, कीपर!’ करत असतात, आणि मी बोलत राहते: लाइन वर, डावीकडे बघ, मॅन ऑन, अवे, अवे! त्यात २०२५ च्या जुलैपासून नवा नियम आला. चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला की सरळ कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांवर मोजतो. (माझ्या डोक्यात तेव्हा तीनतालाची ‘खाली’, टाळी न देता हात मोकळा सोडायचा तो भाग, सुरू होते, ही गोष्ट वेगळी.) तेवढ्यात दहा जणींना जागेवर लावायचं ते आवाजानंच, आणि तेही आमच्याकडच्या धुळीत. मॅचनंतर चौथ्या दिवशी गळा कसा असेल?

डॉक्टर म्हणाले, एकदा कॅमेरा घालून बघू. बघू.

कार्यक्रमानंतर आत्या जवळ येऊन म्हणाली, “आज आवाज काय गोड लागला गं! खेळ सुटला का?” मी हसले. काकांनी पैशांचा नेहमीचा प्रश्न काढला, मी नेहमीचं उत्तर दिलं: फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये ठरवलंय, महिला लीगच्या प्रत्येक क्लबनं किमान १० भारतीय मुलींना वर्षाला निदान ३.२ लाखांचा करार द्यायचा. त्यांनी मनातल्या मनात बारानं भागलं आणि भजं उचललं. मावशीचा सल्ला ठरलेला, हजिऱ्याला जा, तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळ. लहानपणी चघळलीत. आंबट लागतात.

कथकबद्दल आज लिहीत नाही. घोट्याच्या टेपवर घुंगरू टिकत नाहीत, घसरतात, एवढंच.

रात्रभर एकच. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? नाहीच म्हटलं असतं. काळी चारच, अण्णा, काही झालेलं नाही मला. हे त्यांना माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. पण मग हे माहीत असणं कुठून आलं? रियाजाला मी महिनोन्‌महिने धड गेलेली नाही. गावात असते कुठे! फोनवर बोलणं होतं तेव्हा मी मुद्दाम हळू बोलते. मग माझा गळा त्यांनी ऐकला कधी?

शेवटी सकाळी फोन लावला. रागातच. म्हटलं, तबल्याला कधी सांगितलंत ते तेवढं सांगा.

“रविवारी,” अण्णा म्हणाले. “तुझी मॅच नातवानं मोबाइलवर लावून दिली होती. पूर्ण पाहिली. उत्तरार्धात तुझा आवाज घोगरा व्हायला लागला. शेवटी शेवटी तर वरचा स्वरच निघत नव्हता. मी म्हटलं, चार दिवसांत काही हा काळी चारला जात नाही.”

मला काय बोलावं सुचेना. आमच्या घरातल्या एकानंही आजवर माझी मॅच पूर्ण पाहिलेली नाही. बाबा स्कोअर विचारतात. आई लागलं का एवढं विचारते. आणि हा माणूस, ज्याला ऑफसाइड कशाशी खातात हे माहीत नाही, तो चष्मा लावून नव्वद मिनिटं बसला होता, कानानं मॅच बघत.

“आणि पेनल्टी?” मी विचारलं. “मी अडवली ती?”

“हो का? मला वाटलं त्या बाईनं नीट मारली नाही.”

मग मात्र हसू आलं. रात्रभर घोटलेला राग अशा माणसावर काढायचा तरी कसा? तरी सांगून टाकलं, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं, तबल्याला नंतर. आणि सीझन संपला की डिसेंबरात काळी चारच लावायची.

“बघू,” म्हणाले. “आधी ते कॅमेऱ्याचं करून ये.”

कॅमेऱ्याचं त्यांना कुणी सांगितलं? आईच. दुसरं कोण.