पाळकाविना सात महिने

शेवटची उपासना आटोपली, आशीर्वाद झाला आणि पाळकसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी नाशिकमधल्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सेक्रेटरी. मोजल्या तर 23 निघाल्या. वेस्ट्री म्हणजे पाळकांची तयारीची खोली, पेटीचं कपाट, पाण्याच्या मोटारीची खोली, बाकीच्या कशाकशाच्या ते देव जाणे. साहेबांनी कारण दिलं प्रकृतीचं. खरं कारण आम्हा तिघाचौघांना माहीत होतं, पण मिनिट्समध्ये मी 'प्रकृती' असंच लिहिलं.

पाळकाचं घर मंडळीचं, पगार मंडळीचा, आणि पाळकबाई संडे स्कूल फुकटात चालवणार हे आम्ही धरूनच चाललेलो. अशा माणसानं थकलो म्हणायचं तरी कुणापाशी? दुखण्यातल्या, भांडणातल्या, कर्जातल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे जायचं. त्यांनी कुठे जायचं, हा विषय कमिटीत कधी निघाला नाही. उपदेश चाळीस मिनिटांच्या वर जातो हा मात्र निघाला, आणि तो काढणारी मीच.

नव्या पाळकासाठी कमिटीनं अपेक्षा लिहून काढल्या. वय चाळिशीच्या आत, अनुभव पंधरा वर्षांचा, तरुणांना गिटार हवी, म्हाताऱ्यांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं जुन्याच चालीवर हवीत, इंग्रजी यावं पण बोलताना दिसू नये. वधू-वर सूचक मंडळातली जाहिरात बरी! पगार जुनाच.

तोवर उपदेश आम्हीच आळीपाळीनं केले. मी पंचवीस मिनिटांचा बेत करून उभी राहिले आणि अडतीस मिनिटांनी बसले. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीसाठी, महिन्याच्या पहिल्या रविवारी नाशिकरोडचे एक पाळक यायचे. आणि त्यातच एक लग्न येऊन ठेपलं. आमची मंडळी स्वतंत्र, कुठल्या मोठ्या चर्चसंस्थेखाली नाही, त्यामुळे लग्न लावणाऱ्याकडे सरकारी परवाना लागतो. तोही आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. नाशिकरोडचेच पाळक आले. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळात लावायचं, आणि नवरदेवाची गाडी साडेपाचला द्वारका चौकात अडकलेली. शेवटी पावणेसातला सह्या झाल्या. आजवर ही धाकधूक साहेब एकटे सोसत होते आणि आम्ही पंगतीत बसलेलो असायचो.

खरी फजिती कागदांनी केली. आमच्या घटनेप्रमाणे पाळक पदसिद्ध अध्यक्ष, बँकेत त्यांची आणि खजिनदारांची जोडसही. ते गेल्यावर चेक थांबले, वीजबिल मी पदरचं भरलं. बँकेनं विश्वस्तांची नवी नोंद मागितली. आम्ही आपले नवे पाळक आले की एकदमच कळवू म्हणून स्वस्थ. वकिलांनी कपाळावर हात मारला. विश्वस्त गेला हासुद्धा बदलच, आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे त्याचा बदल अर्ज 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. आमचे दिवस केव्हाच उलटलेले. मग विलंब माफीचा अर्ज, ठराव, शपथपत्र. ठरावाची तारीख आणि मिनिट्सची तारीख जुळेना, म्हणून दोन फेऱ्या जास्तीच्या. चूक माझीच होती.

त्या फेऱ्यांतून परतताना शरणपूर रोडवर मला नेहमी एक गोष्ट आठवायची. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनऱ्यांनी इथे शरणपूरला शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका पालथी घालणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या रानात वारला. साहेब गेला, हुकूम देणारं कुणी उरलं नाही. या लोकांनी आपसांत ठरवून देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. वेनराइटला लिहिता-वाचता येत होतं, त्यानं प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. आमच्याकडे तर वीजबिल कुणी भरायचं यावर तीन बैठका झाल्या!

सातव्या महिन्यात एक तरुण पाळक भेटायला आले. प्रश्न आम्ही विचारायचे होते, पण वही त्यांनीच उघडली. आठवड्याची सुट्टी कुठली? हिशेब कोण बघतं? माझ्या बायकोला नोकरी आहे, ती संडे स्कूल घेणार नाही, चालेल का? खजिनदार काका खुर्चीत हलले. एक ज्येष्ठ म्हणाले, "पूर्वीचे पाळक असं काही विचारत नसत." पाळक हसून म्हणाले, "म्हणूनच विचारतोय, दादा."

शेवटी तेच आमचे पाळक झाले. खजिनदार काका आणि ते ज्येष्ठ दादा अजून एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. पण काम वाटून झालंय. दवाखान्यातल्या भेटी दोन-दोन घरांकडे, इमारत तरुण संघाकडे, हिशेब दर तीन महिन्यांनी फळ्यावर. किल्ल्यांना चिठ्ठ्या लावल्या, पाळकांकडे तीनच दिल्या. बदल अर्जाचा निकाल अजून यायचाय.

सोमवार पाळकांच्या सुट्टीचा, त्या दिवशी फोन करायचा नाही असा ठराव मीच लिहिला. पहिल्याच सोमवारी पाण्याची मोटार बंद पडली आणि मी सवयीनं फोन लावला. पाळकबाईंनी उचलला. म्हणाल्या, "ते मुलाला घेऊन सोमेश्वरला गेलेत, धबधब्यावर. मोबाईल घरीच आहे."