‘निल’ ओरडायची सवय

मी लॅब टेक्निशियन आहे, कंत्राटी, दहा वर्षं झाली त्याला, त्यातली सहा नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडच्या डोंगरात गेली. घर शहाद्याजवळ. इकडे मलेरियाच्या काचा, हिमोग्लोबिन वगैरे चालूच असतं, पण मेन काम सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून मुलाला येणारा रक्ताचा आजार. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला ते राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या टेस्ट करायच्या, तेव्हापासून वरून रोज एकच फोन येतो, आज किती झाल्या, फोटो टाका.

तर ही गोष्ट होळीच्या आठेक दिवस आधीची. शिबिर मुद्दाम तेव्हा ठेवतो आम्ही, कारण ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं होळीला परत येतात, एरवी निम्म्या घरांना कुलूप. आणि होळीआधीचा भोंगऱ्या बाजार झाला की लग्नं जमायला लागतात, हे पण डोक्यात होतंच. गावाचं नाव नाही सांगत. आश्रमशाळेच्या पटांगणात टेबल लावलं, बॅनर बांधला, आणि दहा वाजेपर्यंत कुत्रं फिरकलं नाही. आशाताई म्हणाली, दादा मोहाचा सीझन आहे, पहाटे फुलं वेचायला जातात, येतील सावकाश. आले मग, एकदम ऐंशी जण.

टेस्ट सोपी आहे. बोटाला टोचायचं, रक्त ट्यूबमधल्या औषधात टाकायचं, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ झालं, रेघा गायब, तर पॉझिटिव्ह. बस एवढंच. पण ह्या टेस्टमध्ये एक गोम आहे, गढूळ आलं म्हणजे सिकल आहे एवढंच कळतं, तो माणूस नुसता वाहक आहे का आजारी आहे ते नाही कळत. वाहक म्हणजे एएस, त्याला आयुष्यात बहुतेक काही होत नाही, डोंगर चढतो, ऊस तोडतो. एसएस तो आजारी. म्हणून गढूळ आला त्याच्या हातातून परत बल्बमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, रक्त घेऊन मोठ्या लॅबला एचपीएलसीला, म्हणजे पक्क्या टेस्टला पाठवायचं.

आता माझी सवय सांगतो. लॅबमध्ये आम्ही निगेटिव्हला निल म्हणतो. आणि गर्दी असली की मी ट्यूब बघितली की मोठ्याने म्हणायचो, निल! जा, टेन्शन नको! लोकांना बरं वाटायचं, लाईन पटपट सरकायची. गढूळ आला की मी काही बोलायचो नाही, हळूच सांगायचो, जरा तिकडे बसा, परत थोडं रक्त घ्यायचंय. तिकडे म्हणजे शाळेतून आणलेले बाक, मोहाच्या झाडाखाली. सहा वर्षं असंच करत होतो आणि आपण फार प्रायव्हसी पाळतो असं वाटायचं मला, कारण पॉझिटिव्ह हा शब्द मी कधीच मोठ्याने उच्चारला नाही.

बाराच्या सुमारास बाकांवर सतरा जण झाले. एक पिवळ्या ओढणीवाली पोरगी होती, अठरा-एकोणीसची, मान खाली घालून नख कुरतडत बसलेली. मी झाडाखालच्या सगळ्यांचा एक फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तिथे रेंज नाही त्यामुळे फोटोखाली ते घड्याळाचं चिन्ह फिरत राहिलं.

तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस टेबलाजवळ आला, टॉवेलने तोंड पुसत. म्हणाला, भाऊ, ती पिवळ्या ओढणीवाली आहे ना, माझ्या पोराचं तिच्याशी जमलंय, देज (पोरीच्या घरी द्यायचे पैसे) पण ठरलं. तिचं काय निघालं? मी म्हटलं, बाबा, दुसऱ्याचं सांगता येत नाही. तो म्हणे, सकाळी माझ्या पुतणीचं तर तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलं, निल म्हणून. मी गप्प. तो माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ, मग मान हलवली आणि म्हणाला, समजलं.

काय समजलं ते मला जरा उशिराच समजलं.

चार वाजता शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. दरवेळी माहिती द्यायला बसतो तशीच. सरपंचबाई होत्या, बोलत होते त्यांचे मालक, ते इकडे नेहमीचंच. ते म्हणाले, मॅडम, आता लग्नांचा टाईम आहे, ज्यांच्यात सिकल निघाला त्यांची लिस्ट माईकवर वाचून टाका ना, गावाचं भलं होईल. वाईट माणूस नाही तो, खरंच मनापासून बोलत होता. आमच्या मॅडम जळगावच्या, नवीनच आलेल्या, त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांसाठी २००२ ची नियमावली आहे, पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, कोर्टाने सांगितलं तर किंवा कोणाला गंभीर धोका असेल तर गोष्ट वेगळी.

आश्रमशाळेचे एक सर तयारीत होते. म्हणाले, मग मॅडम हा धोका नाही का? १९९८ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड, एचआयव्ही होता त्या माणसाला, हॉस्पिटलकडून ते बाहेर कळलं, त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तो कोर्टात गेला आणि कोर्ट म्हणालं हॉस्पिटलचं चुकलं नाही, होणाऱ्या बायकोला कळायचा हक्क आहे. मी मनात म्हटलं, गेली मॅडमची विकेट. पण मॅडमनी ते वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, सर, एचआयव्ही नवऱ्याकडून बायकोला होतो. सिकल नवऱ्यामुळे बायकोला होत नाही, खाऊन पिऊन होत नाही, शेजारी बसून होत नाही. पोरगी वाहक असली आणि पोरगा निल असला तर त्यांचं एकही मूल एसएस निघणार नाही. मग सांगा, लिस्टमध्ये तिचं नाव वाचून कोणाला वाचवलं?

मग त्यांनी मक्याचे दाणे मागवले, लाल आणि पांढरे. प्रत्येकाकडे दोन दाणे असतात, बाळाला आई एक देते बाप एक देतो. वाहकाकडे एक लाल एक पांढरा. दोघं वाहक असले तर बाळाकडे दोन्ही लाल यायचा चान्स चारात एक, आणि तो प्रत्येक बाळंतपणाला नवा, म्हणजे पहिलं आजारी झालं तर पुढची तीन सुटली असं नाही. हे लोकांना पटकन समजलं, दाणे हातात घेऊन बघत होते.

तिथेच संपलं असतं, पण मागून एक म्हातारी उठली. पावरीत बोलली, आशाताईने सांगितलं आम्हाला. तिचा नातू सहा वर्षांचा होऊन गेला. थंडी पडली की हातपाय धरून रात्रभर ओरडायचा, बोटं सुजायची, आधी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे नेलं मग धुळ्याला. आई वाहक बाप वाहक, हे तो गेल्यावर कळलं. ती म्हणाली, लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर आम्ही दुसरं घर बघितलं असतं. तुमच्या वहीत नावं आहेत, ती तुम्ही कोणासाठी लपवता?

कोणी बोललं नाही. मॅडम पण नाही. खरं सांगू, मी त्या क्षणी म्हातारीच्या बाजूने होतो, आणि अजूनही अर्धा तिच्याच बाजूने आहे. मॅडम शेवटी म्हणाल्या, आजी, सांगायचंच आहे, ज्याचं त्याला, आणि दोघांना, लग्नाआधी. म्हातारी म्हणाली, ज्याचं त्याला सांगितलं तर तो लपवेल. हे पण खोटं नाही. येताना गाडीत मॅडमनी ग्रीसमधल्या ऑर्खोमेनॉस गावाचं सांगितलं, तिथे पूर्वी सगळ्यांच्या टेस्ट करून सल्ला दिलेला, काही वर्षांनी बघितलं तर वाहकांना लोक नावं ठेवायला लागलेले, कोणी लपवून लग्न केलेली, आणि आजारी मुलं जन्मायचं काही कमी झालेलं नव्हतं. पण हे त्या बैठकीत सांगून म्हातारीला काय मिळालं असतं?

सरपंचांचे मालक परत लिस्टवर आले. तेव्हा आमचा ड्रायव्हर, पार कडेला बिडी पीत बसलेला, मला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, दादा, लिस्ट कसाले जोयजे? तो बाक देखी ल्या ना.

सगळ्यांनी माना वळवल्या. मोहाखाली बाकावर अजून पाच-सहा जण बसलेले होते, ती पिवळी ओढणी पण. कोणी हसलं नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि माझे कान गरम झाले. सकाळपासून मी माईकशिवाय लिस्ट वाचत होतो, फक्त उलटी. ज्याला निल म्हटलं नाही तो सिकल, हे शेंबड्या पोराला कळलं होतं. खिशातला मोबाईल काढला, फोटोखाली ते घड्याळ अजून होतंच, गेला नव्हता. डिलीट केला. डिलीट करताना हात थरथरत होता, उगाच नाही सांगत.

अजून पंधरा-सोळा लोकांच्या टेस्ट बाकी होत्या. मॅडम म्हणाल्या, आता निल म्हणायचं नाही, कोणालाच नाही. मी म्हटलं, पण ज्याचं परत रक्त घ्यायचं त्याला वेगळं न्यावंच लागेल ना? सगळ्यांचंच घेऊ म्हटलं तर त्या म्हणाल्या, गरज नसताना सुई टोचायची का लोकांना? बराच वेळ वाद झाला आमचा. शेवटी ठरलं ते असं, प्रत्येकाने एकेक करून गाडीत यायचं, दार बंद, चिठ्ठी घडी घालून हातात द्यायची, ज्याचं घ्यायचं त्याचं रक्त घ्यायचं, आणि बाहेर जाताना सगळ्यांच्या कोपरावर कापूस आणि पट्टी लावायची. एक आजोबा विचारत होते, मला तर इथे टोचलं पण नाही, कापूस कशाला? मॅडम म्हणाल्या, असू द्या आबा.

सामान भरत होतो तेव्हा तो पन्नाशीचा माणूस पोराला घेऊन आला. मॅडमनीच बैठकीनंतर त्याला गाठलं होतं, पोरीचं विचारतोस, तुझ्या पोराचं बोट कुठंय? तो म्हणालेला, पोराला काय झालंय, दगड आहे. (दिवसभराच्या लाईनीत सगळ्या बायका आणि शाळेतली पोरं, तरणे पुरुष मोजून आठ.) पोरगा आपणहून बसला. टोचलं, रक्त टाकलं, हलवलं. पाच मिनिटं. बाप माझ्या तोंडाकडे बघत उभा, मागे आणखी चार जण. मी कार्ड माझ्याकडे फिरवून धरलं, ट्यूब बघितली, आणि तोंड दगडासारखं ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. पोरगा गाडीत गेला, बाहेर आला, कोपरावर कापूस. चिठ्ठी शर्टाच्या खिशात. बाप म्हणाला, भाऊ? मी म्हटलं, त्यालाच विचारा. पोरगा बापाकडे न बघता मोहाच्या दिशेने चालत गेला.

घाटात रेंज आली तसा मोबाईल वाजायला लागला. ऑफिसचे सात मेसेज. शिबिराचे फोटो पाठवा, अर्जंट. मी बॅनरचा पाठवला. लगेच उलट रिप्लाय, याच्यात पेशंट दिसत नाहीत.