पंपाचं व्होल्यूट: आठ सेक्शन आणि त्यांच्या मधली जागा

कोल्हापुरात आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतात तिथे, एका जुन्या पंपाचं ड्रॉइंग आलं. मूळ पॅटर्न कधीच कुजून गेला होता, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायचा साचा) मोडला होता आणि गिऱ्हाइकाला तोच पंप पुन्हा ओतून हवा होता. कागदावर व्होल्यूट केसिंगचे, म्हणजे पंपाच्या शंखाकृती कवचाचे, आठ सेक्शन (छेद) होते, दर 45 अंशांवर एक. त्या आठ सपाट आकृत्यांमधून पाण्याचा आतला मार्ग, म्हणजेच कोअरचा आकार, कॉम्प्युटरवर उभा करायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअर फ्रीकॅड. ते मोफत आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे नोव्हेंबर 2024 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आल्यापासून सुरुवातीचं एखादं स्केच (सपाट आकृती) बदललं की पुढचं सगळं मोडण्याचा त्रास बराच कमी झाला आहे. इथे तर स्केचवर स्केच रचायचं होतं.

आकार शंखासारखा वाढत जाणारा, पण त्या वाढीला हिशेब असतो. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, सगळ्या परिघातून पाणी सारखं बाहेर पडतं. त्यामुळे टंगपासून (शंख जिथे सुरू होतो ते निमुळतं टोक) जितकं पुढे जावं तितकं जास्त पाणी त्या मार्गात जमा होतं. सरासरी वेग सगळीकडे तोच ठेवायचा असेल, तर क्षेत्रफळ कोनाच्या प्रमाणात वाढायला हवं. आमच्या पंपात 360 अंशांवर 3200 चौरस मिलीमीटर होतं, म्हणजे दर 45 अंशांना 400 ची भर. पण उंची अशी सारखी वाढत नाही. गोल मार्ग धरला तर 400 ला व्यास 22.6 मिलीमीटर, 1600 ला 45.1 आणि 3200 ला 63.8 येतो. क्षेत्रफळ आठपट होताना व्यास तिपटीलाही पोचत नाही. सुरुवातीला आकार झपाट्याने वाढतो, मग सावकाश. हे आधी कागदावर मांडून घेतलं, ते पुढे फार उपयोगी पडलं.

सगळी मापं आधी स्प्रेडशीटमध्ये भरली. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, मीटरला 10 मिलीमीटर. जुन्या पॅटर्नवाल्यांकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलीमीटर किंचित मोठा असतो. मी तेच काम 1.01 च्या गुणकाला दिलं आणि प्रत्येक मापाला तो लावला. (खाली दिलेली मापं मात्र ड्रॉइंगवरचीच आहेत.) स्केचेससाठी वेगळी प्लेन काढत बसायची गरज पडली नाही. प्रत्येक स्केच एक्सझेड प्लेनला जोडायचं आणि अटॅचमेंट ऑफसेटमध्ये त्याच्या वाय अक्षाभोवती 45, 90, 135 असं फिरवायचं. स्केचचा वाय अक्ष तिथे पंपाच्या शाफ्टच्या रेषेवरच येतो, त्यामुळे आठही स्केचेस शाफ्टभोवती बरोबर उभी राहतात.

खरं काम लॉफ्टपाशी, म्हणजे सेक्शन एकमेकांना जोडून घन आकार बनवण्यापाशी, सुरू झालं. ड्रॉइंगमधल्या मोठ्या सेक्शनांना सहा कडा होत्या: आतली रेषा, दोन तिरक्या भिंती, दोन कोपऱ्यांचे चाप आणि वरची सपाट रेषा. लहान सेक्शनांमध्ये मात्र वर एकच चाप होता, म्हणजे कडा चारच. दोन आकृत्यांच्या कडांची संख्या वेगळी असली की कुठली कड कुठे जोडायची हे प्रोग्रॅम स्वतःच ठरवतो आणि पृष्ठभागावर नको तिथे घड्या पडतात. म्हणून लहान सेक्शनांतला चाप तीन तुकड्यांत तोडला. आकारात फरक नाही, पण कडा सगळीकडे सहा झाल्या. 80 मिलीमीटरच्या गोल डिलिव्हरीकडे (पाणी बाहेर पडायच्या तोंडाकडे) जाणारा भाग वेगळा लॉफ्ट होता, तिथेही हाच नियम पाळावा लागला. पूर्ण वर्तुळाचा सुरुवातीचा बिंदू भलत्याच जागी असतो आणि नळी पिळली जाते. वर्तुळाचे सहा चाप करून त्यांचे सांधे सेक्शनच्या कोपऱ्यांसमोर आणले, तेव्हा पीळ गेला.

लॉफ्ट झाला, दिसायलाही देखणा झाला. आमच्या मिस्त्रींना दाखवला. सगळे सेक्शन ड्रॉइंगशी जुळतात म्हटल्यावर ते म्हणाले, "सेक्शन तर जुळणारच की, ते तूच काढलायस. मधलं काय म्हणतंय ते बघ."

मग मॉडेल 22.5 अंशांच्या फरकाने मधोमध कापून क्षेत्रफळं मोजली. 202.5 अंशांवर 1800 यायला हवं, ते जवळजवळ तितकंच आलं. टंगजवळ 67.5 अंशांवर मात्र 600 शी जुळेना. आकार सगळ्यात झपाट्याने बदलतो तो तिथेच आणि लॉफ्टचं टोकही तिथेच. टोकाला स्प्लाइनला (सेक्शनांमधून जाणाऱ्या वक्र रेषेला) पलीकडचा आधार नसतो. तिथे 22.5 अंशांवर एक जादा स्केच घातलं आणि तो भाग सुधारला. सगळीकडेच जादा स्केचेस घालण्याचा मोह होतो, तो आवरावा असं मी ठामपणे सांगेन. जुन्या कागदावरून घेतलेल्या प्रत्येक मापात थोडा खोट असतो. स्केचेस दाट झाली की तो खोट लाटांसारखा पृष्ठभागावर उमटतो, आणि पाण्याला ती लाट लागते.

आतली बाजू हा वेगळाच प्रश्न होता. इम्पेलरकडची कड 100 मिलीमीटर त्रिज्येचं अचूक वर्तुळ असायला हवी. लॉफ्टच्या रूल्ड पर्यायाने दोन सेक्शनांमध्ये सरळ जीवा पडतात आणि मधोमध जवळजवळ साडेसात मिलीमीटर आत कापलं जातं. स्मूथ ठेवलं तर वर्तुळाच्या अगदी जवळचं वळण येतं, पण ते वर्तुळ नसतं. त्यावर उपाय सोपा निघाला. प्रत्येक सेक्शनच्या तिरक्या भिंती आतल्या बाजूला थोड्या लांबवल्या आणि इम्पेलरच्या जागेची चकती रिव्हॉल्व्हने (आकृती अक्षाभोवती फिरवून) वेगळी करून त्यात मिसळली. लॉफ्टची आतली कड चकतीच्या पोटात गेली आणि बाहेर उरलं ते अचूक वर्तुळ.

टंगवरची गोलाई मॉडेलमध्ये घातलीच नाही. तिथे भिंती इतक्या निमुळत्या होत एकमेकींना भेटतात की फिलेटला (कोपरा गोल करणाऱ्या चापाला) बसायला जागा मिळत नाही. कोअर बॉक्स सीएनसीवर कापून आल्यावर मिस्त्रींनी तिथे पुट्टी भरून, बोटाने फिरवून आणि पॉलिश पेपर मारून ती गोलाई केली. माझ्या मते ती जागा हातानेच करावी.

त्यानंतर त्याच मालिकेतला लहान पंप आला, 65 ची डिलिव्हरी. स्प्रेडशीटमधले आकडे बदलल्यावर सात सेक्शन आपोआप बसले. उरलेला एक, म्हणजे 45 अंशांचा, इतका बुटका झाला की चापाचे तीन तुकडे एकमेकांवर चढले. तेवढं स्केच नव्याने काढलं आणि चापाच्या त्रिज्येसाठी शीटमध्ये वेगळा रकाना केला.