तुम्ही विचारलेत म्हणून: नागपुरात अशी गाडी कशासाठी?

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा माझा लहानसा कारखाना आहे आणि गेली तीन वर्षे मी एक जर्मन बनावटीची स्पोर्ट्स सेडान चालवतो आहे. घेतली तेव्हा ती चार वर्षे वापरलेली होती. पेट्रोल पंपावरचा मुलगा ‘किती देते?’ एवढेच विचारतो आणि त्याला उत्तर देणे सोपे असते: शहरात लिटरमागे चार-साडेचार किलोमीटर, महामार्गावर शंभरच्या वेगाने नऊपर्यंत. माझा स्वभाव ठाऊक असलेले लोक मात्र अडचणीचे विचारतात. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने नागपुरात असली गाडी कशासाठी घेतली, आणि पुन्हा घ्याल का? धरमपेठेतल्या एका डॉक्टर मित्रांनी गेल्या महिन्यात हेच गंभीरपणे विचारले, कारण त्यांचा स्वतःचा विचार चालू आहे. त्यांच्यासाठी आणि इतरांसाठी हे उत्तर.

बाहेरून साहेबाची चार दारांची गाडी दिसावी आणि आत शर्यतीचे इंजिन असावे, ही या जातीमागची कल्पना. १९८५ साली बीएमडब्ल्यूची पहिली एम ५ आली तेव्हा तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची ताकद २८६ अश्वशक्ती होती. आजच्या एम ५ मध्ये ४.४ लिटरचे व्ही-८ (व्हीच्या आकारात आठ सिलिंडर असलेले) इंजिन आणि विजेची मोटर मिळून ७२७ अश्वशक्ती आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ती भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. पण बॅटरी आणि मोटरमुळे तिचे वजन २४०० किलोच्या वर गेले आहे आणि शून्यापासून शंभरचा वेग गाठायला तिला ३.५ सेकंद लागतात. आधीच्या पिढीतल्या एम ५ च्या ६२५ अश्वशक्तीच्या ‘काँपिटिशन’ आवृत्तीला ३.३ लागत. अश्वशक्तीचा आकडा पाहून गाडी निवडू नये असे मी सांगतो, ते यासाठी. ते साडेतीन सेकंद वर्धा रोडवर, सिग्नल ते सिग्नल, वापरायचे तरी कुठे?

मला या गाडीत जे मोलाचे वाटते ते वेगळेच आहे. कारखान्यात दहा अश्वशक्तीचा भार असेल तर आम्ही मोजून दहाची मोटर बसवत नाही, थोडी मोठी बसवतो, म्हणजे ती तापत नाही, कुरकुरत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. ताशी २५० किलोमीटरसाठी घडवलेली गाडी समृद्धी महामार्गावर कायद्याच्या १२० च्या मर्यादेत चालवली की नेमके हेच घडते. इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आत फिरत राहते, समोरून वारा आला तरी गाडी आपली रेघ सोडत नाही आणि शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर कापून उतरल्यावर पाठ दुखत नाही. हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला नसता तर मी या फंदात पडलोच नसतो, हे कबूल करतो. आणि ब्रेक! अमरावती रोडने कोंढाळीहून रात्री परतताना एक रोही, म्हणजे नीलगाय, अचानक रस्त्यात आडवा उभा राहिला. मी शंभरच्या आसपास होतो. पाय पूर्ण दाबला तशी गाडी नाक न वळवता, सरळ रेषेत, त्याच्यापासून चांगल्या अंतरावर थांबली. मागे बसलेल्या पत्नीची झोपसुद्धा गाडी थांबल्यावरच मोडली. त्या रात्रीपासून मी या गाडीच्या पेट्रोलचा हिशेब लिहिणे सोडले.

आता दुसरी बाजू. आपल्या मे महिन्याला ही गाडी तोंड देते, पण सुखाने नाही. ४६ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांनी विरळ असते, टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, ती उणीव बरीचशी भरून काढतो, पण आत जाणारी हवाच तापलेली असल्यामुळे संगणक इंजिनाला जरा आवरून धरतो. शिवाय माझ्या गाडीच्या व्ही-८ इंजिनात दोन्ही टर्बो इंजिनाच्या मधल्या खाचेत बसवलेले असतात, त्यामुळे गाडी बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे घोंघावत राहतो. सीताबर्डीत गाडी लावून निघालो की ‘साहेब, गाडी चालूच राहिली जी’ असे सांगणारा कोणीतरी भला माणूस हमखास भेटतो.

खरा त्रास उंचीचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा. माझ्या गाडीचे पोट जमिनीपासून साडेबारा सेंटिमीटरवर आणि पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटरचे अंतर. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर चारही चाके त्याच्या उतारावरच असतात, म्हणून माथा पोटाखाली जेमतेम साडेसहा सेंटिमीटर वर येतो आणि गाडी अलगद पार होते. पण गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून घातलेला हातभर रुंद, वीतभर नसला तरी पाऊण वीत उंच उंचवटा आला, की चाके दोन्ही बाजूंना सपाट जमिनीवर आणि पोट मधोमध अडकलेले. तिरपी घातली तर कधी निभावते, मागे तीन माणसे बसली असतील तर नाही.

टायरचेही तसेच. २७५/३५ मापाच्या टायरची भिंत साडेनऊ सेंटिमीटरची, आणि तिच्यावर दोन टनांची गाडी. तळेगावजवळ एका खड्ड्याच्या धारेने ती भिंत कापली गेली. कापलेल्या भिंतीपुढे गाडीसोबत मिळालेला दुरुस्तीचा फेस कुचकामी ठरला. पंक्चरवाल्याने डिकी उघडून पाहिली आणि अविश्वासाने विचारले, ‘हिले स्टेपनीच नाही का जी?’ नव्हती. गाडी सपाट ट्रकवर चढून नागपुरात आली, त्या मापाचा टायर इथे मिळाला नाही, आणि पुण्याहून मागवलेला चौथ्या दिवशी हाती पडला. तोवर मी घरातली जुनी उंच गाडी चालवली, जी आईसाठी ठेवली आहे, कारण तिच्या गुडघ्यांना या खोल आसनात उतरणे जमत नाही.

पैशांबद्दल एवढेच, की पहिल्या मालकाचे ज्यात सर्वाधिक नुकसान होते, त्यातच दुसऱ्याचा फायदा असतो. चार वर्षांत अशा गाडीची किंमत निम्म्याखाली आली होती म्हणून ती माझ्या आवाक्यात आली. सुट्या भागांच्या किमती मात्र निम्म्या होत नाहीत. डॉक्टरसाहेब, तुमचा महिन्यातून दोनदा मुंबईला जाण्याचा क्रम असाच राहणार असेल तर घ्या, वापरलेलीच घ्या, आणि टायरचा एक जोड आधीच मागवून घरात ठेवा. फक्त व्यवहार करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन तुमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे गतिरोधक मोजून या. माझ्या गल्लीतला तिसरा सतरा सेंटिमीटरचा निघाला. तो मी गाडी दारात आणल्यानंतर मोजला.