बाईंचा डालड्याचा डबा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेवर लिहायला बसलो आणि सगळा कागद बाईंनीच व्यापला. आपल्या मराठीच्या बाई. नाव सांगायची गरज नाही. त्या काळात शाळेत 'बाई' म्हटलं की त्याच.

बाई नागपूरकडच्या. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी वाट्याचं शेत दिलं नाही, विहिरीवर दोर टाकू दिला नाही. वर्गात त्यांनी हे कधी उगाळलं नाही. मॅट्रिकच्या निरोप समारंभानंतर मी विचारलं म्हणून सांगितलं, आणि तेव्हाही बोलल्या त्या आजीबद्दलच. ती रात्री मागच्या दारानं भाकर आणून द्यायची म्हणे.

त्यांच्या खोलीत चुलीशेजारी डालड्याचा पिवळा डबा असे. दळणाला ज्वारी काढली की पहिली मूठ त्या डब्यात. "हे माह्यं नाही रे, देवाचं आहे," म्हणायच्या. पगार महिनोन् महिने रखडायचा, पण मूठ चुकायची नाही. 1972च्या दुष्काळात माय आणि बाबा खडी फोडायला जायचे, रेशनवर मायलो ही लाल ज्वारी मिळायची, शाळेत सुकडी. त्या वर्षी बाईंच्या एका मुठीच्या दोन झाल्या. बाईंचे गाल बसले, डबा मात्र भरत राहिला.

एकदा त्यातली ज्वारी त्यांनी माझ्या दप्तरात ओतली. घरी मायनं पाहिली आणि म्हणाली, "वापस कर. फुकटाचं आपल्याले पचत नाही." मी रडकुंडीला आलो. दिवेलागणीला बाई स्वतः आमच्या दारात. "फुकट कोन देते माय? शाळेची ओसरी सारवाची हाये, माह्याच्यानं वाकनं होत नाही." मायनं पदर खोचला. तेव्हापासून दर शनिवारी ओसरी सारवायची आणि ताठ मानेनं धान्य घेऊन यायची. बाईंची कंबर चांगली धडधाकट होती, हे मायलाही ठाऊक होतं.

पारावर कोणी तरी उठवलंच की बाई ज्वारी देऊन पोट्टे बाटवते. काही घरांनी पोरांना त्यांच्या खोलीकडे जायची मनाई केली. बाईंनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. ज्यांनी हे उठवलं त्यांच्याच नातवाला कंदिलाच्या उजेडात स्कॉलरशिपची गणितं शिकवली. तो पास झाला. मला त्यांनी कधी 'प्रार्थनेला ये' म्हटलं नाही. उत्तम शुक्रवारी उपाशीपोटी तालुक्याच्या गावी चालत उपासनेला जायच्या आणि शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थनेच्या घंटेला हजर.

स्टीफन हिस्लॉपची गोष्ट त्या दर सप्टेंबरात सांगत. स्कॉटलंडचा माणूस, 1845 मध्ये नागपुरात आला, शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म अभ्यासले. 4 सप्टेंबर 1863ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीला परतताना, अंधारात, पुराच्या पाण्यात बुडून गेला. वय 45. आम्हा पोरांना पूर आणि घोडाच आवडायचा. बाई मात्र मध्येच थांबवायच्या. सोबतची मंडळी पुढे निघून गेली होती, हा मागे का राहिला? गावातली शाळा पाहायची होती म्हणून. "हे लक्षात ठेवा," म्हणायच्या. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आपल्या आश्रमात नेल्या, हेही त्यांच्याच तोंडून ऐकलं. पण हिस्लॉपवर त्यांचा जीव जास्त. नागपूरच्या मोठ्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा बाई गेल्या नाहीत. कारण कोणी विचारलं नाही, आम्हाला ते माहीत होतं.

मी पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. मुलगी यवतमाळला डॉक्टर आहे. मायच्या हाताला खडीचे घट्टे होते, तिच्या नातीच्या हातात स्टेथोस्कोप आहे, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या त्या ओसरीवरून जातात.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. इमारत देखणी झाली, संगणक आले, आनंद वाटला. पण बाईंची खोली पाडून तिथे सायकल स्टँड केलेला पाहून जीव तुटला. चार विटा तरी ठेवायच्या होत्या. आता बोलून उपयोग नाही.

म्हणून संस्थेला विनंती. सोबत धनादेश पाठवतो आहे. त्याच्या व्याजातून दरवर्षी एका गरजू मुलीची वह्या-पुस्तकं आणि एस.टी.चा पास निघावा. पाटीवर माझं नाव नको, आणि बाईंचंही नको. त्यांना ते रुचलं नसतं. मुलीच्या घरी पैसे फुकटाचे वाटू नयेत, एवढं मात्र सांभाळा. कसं, ते बाईंच्या हाताखाली शिकलेल्या कोणालाही विचारा.