चार हजारांचा एचसीजी

आमच्या लॅबमध्ये आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं: 'दोन्ही अंडाशयांत गाठी, कॅन्सर?' शेवटच्या पाळीची तारीख कोरी. ती कुणी भरतच नाही. ऑपरेशनची तयारी चालू होती.

मशीनने एचसीजी, म्हणजे गर्भारपणात वाढणारं संप्रेरक, चार हजार दाखवला. सीए-१२५, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मोजतात ते प्रथिन, थोडं वाढलेलं, पण ते साध्या गर्भारपणातही वाढतं. खटकत होतं ते टीएसएच, थायरॉइडला चालवणारं संप्रेरक: जवळजवळ शून्य. एचसीजी खूप वाढला तर थायरॉइडलाही चेतवतो आणि टीएसएच दबतं. चार हजारांत ते होत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही चढलेलं होतं.

आमची चाचणी एका टप्प्याची. एक अँटिबॉडी एचसीजी पकडते, दुसरी त्यावर खूण चिकटवते. दोघींच्या मधे एकच रेणू सापडला तरच सिग्नल. रेणू बेसुमार असले की दोघी वेगवेगळ्या रेणूंवर खर्ची पडतात आणि आकडा खोटा खाली येतो. हा हूक इफेक्ट. मशीन याबद्दल चकार शब्द काढत नाही. सॅम्पल १:१०, १:१००, १:१००० असं पातळ करून लावलं. शेवटच्या दोन्हींचा आकडा पातळ केल्याच्या पटीने गुणला, तो जुळला: नऊ लाखांच्या वर.

म्हणजे द्राक्षगर्भ: द्राक्षांच्या घोसासारखी फुगलेली, बेसुमार एचसीजी बनवणारी बिघडलेली वार (प्लासेंटा). सोनोग्राफीवाल्याने गाठींचं माप मिलिमीटरपर्यंत दिलं होतं, गर्भपिशवीबद्दल एक ओळ.

एचसीजी आणि एलएच (अंडाशयाला चेतवणारं पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक) यांचा अल्फा भाग एकच, अंडाशयात ते जिथे चिकटतात तो रिसेप्टरही एकच. पण एलएच तासाभरात ओसरतं. साखरेच्या साखळ्यांमुळे एचसीजी दिवसभराहून जास्त टिकतो. एरवी हेच उपयोगी पडतं: कॉर्पस ल्युटियम, म्हणजे बीज सुटल्यावर अंडाशयात उरलेली ग्रंथी, सुकत नाही, आणि वार स्वतः प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक पुरवू लागेपर्यंत, साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत, गर्भ त्याच्यावर टिकतो. द्राक्षगर्भात मारा इतका असतो की बीजकोशांच्या बाहेरच्या थरातल्या थीका पेशीही कॉर्पस ल्युटियमच्या पेशींसारख्या होऊन फुगतात, अँड्रोजन (पुरुषी संप्रेरकं) ओततात. दोन्ही बाजूंना पाण्याच्या कप्प्यांची अंडाशयं तयार होतात.

असली अंडाशयं काढायची नसतात. पीळ पडला किंवा फुटून रक्तस्राव झाला तरच हात लावायचा. फोनवर सर्जन म्हणाले, "मॅडम, दहा सेंटिमीटरची गाठ तशीच ठेवू?" ठेवा म्हटलं.

पिशवी सक्शनने रिकामी केली, मग दर आठवड्याला एचसीजी. आकडा उतरत गेला. गाठी मात्र त्यामागून रेंगाळत विरतात, दोन ते चार महिने घेतात, आणि तेवढ्यात कुणीतरी पुन्हा सीए-१२५ मागवतंच.