एकाच नंबरच्या दोन पावत्या

दोन वेगळ्या माणसांना ४१७ नंबरची पावती गेली आणि घोळ माझाच होता. नोंदणीचं छोटंसं वेब ॲप्लिकेशन, जावातलं. सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा क्लास) एक फील्ड: शेवटचा पावती नंबर, सुरुवातीला डेटाबेसमधून वाचून घेतलेला. रिक्वेस्ट आली की प्लस-प्लस करायचं, म्हणजे नंबर एकने वाढवायचा, आणि मेल पाठवायची. माझ्या मशीनवर महिनाभर सुरळीत चाललं. चालणारच, वापरणारा मी एकटा!

सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एकच असतो आणि प्रत्येक रिक्वेस्टचा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) त्याच ऑब्जेक्टमध्ये शिरतो, हे मला पाठ होतं. मुलाखतीत सांगितलंही होतं. पण प्लस-प्लस दिसतं एक, करतं तीन कामं: वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोघांनी ४१६ वाचला की दोघांचाही ४१७.

आधी फील्ड व्होलाटाइल केलं. त्याने प्रत्येकाला ताजा आकडा दिसतो, एवढंच. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये घुसणारा घुसतोच.

मग सिंक्रोनाइझ्ड ब्लॉक टाकला, म्हणजे ज्याच्याकडे लॉक तो एकच थ्रेड आत जाईल असा कोडचा तुकडा, आणि इथे खरी कमाल केली. लॉक कशावर? जे जपायचंय त्यावरच, असं म्हणून तो नंबरवरच लावला. नंबर होता इंटिजर ऑब्जेक्ट. तो स्वतः कधी बदलत नाही. प्लस-प्लस केलं की फील्ड दुसऱ्याच ऑब्जेक्टकडे वळतं. म्हणजे पहिला थ्रेड ४१६ वर लॉक घेऊन आत, दुसरा त्याच लॉकपाशी ताटकळत. पहिल्याने नंबर ४१७ केला. तेवढ्यात तिसरा आला, त्याला ४१७ दिसला, त्याने त्यावर लॉक घेतला. पहिला बाहेर पडताच दुसरा आत. आता दोघं आत, दोघांच्या हातात आपापला लॉक, दोघंही निर्धास्त. (उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर तर जावा कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या साठ्यातून, देते. म्हणजे भलत्याच कोडचा लॉकही तुमच्याच ऑब्जेक्टवर असू शकतो.) हे शोधायला मला दोन रात्री लागल्या, कारण कोड वाचताना सिंक्रोनाइझ्ड हा शब्द दिसला की डोळे पुढे सरकायचे.

शेवटी लॉकसाठी वेगळा, प्रायव्हेट फायनल ऑब्जेक्ट केला. डुप्लिकेट थांबले, पण साइट रांगायला लागली. मेल पाठवणंही त्याच ब्लॉकमध्ये राहिलं होतं. एकाची मेल जाईपर्यंत बाकीचे सगळे दाराशी. ते बाहेर काढलं. खरं तर नुसत्या नंबरासाठी ॲटॉमिक इंटिजर (ती तिन्ही कामं एका दमात करणारा) पुरला असता.

आणि मग लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर जोडला. दोन सर्व्हर, दोन जेव्हीएम (जावा प्रोग्राम ज्यात चालतो ते), प्रत्येकाचा लॉक आपापल्या घरात. पुन्हा जुळ्या पावत्या.

आता नंबर डेटाबेसचा सिक्वेन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा काउंटर, देतो आणि कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे एकच नंबर दोनदा शिरत नाही. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे मध्येच रद्द झालं, तरी सिक्वेन्स मागे येत नाही, नंबर वाया जातो. त्यामुळे हिशेब बघणारे अजून अधूनमधून विचारतात, "मधला एक नंबर कुठे गेला?"